पाच रुपयांचा पुडा

सध्या मी 'लेबल वाचणारी' झालेय. म्हणजे सुपरमार्केटमध्ये ट्रॉली आडवी लावून पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं वाचत उभी राहते ना, ती बया. (तुमच्याही टीममध्ये एक असेलच!) मैदा, पामतेल, साखर... की पाकीट परत रॅकवर. मग घ्यायची नाचणीची बिस्किटं. रुपये १२० फक्त.

नवं ज्ञान पोटात राहत नाही. मागच्या आठवड्यात ते पँट्रीतल्या मावशींवर सांडलं. त्यांच्या पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचे सहा पुडे होते, धाकट्यासाठी.

"मावशी, नुसता मैदा नि साखर आहे हो ती. त्यापेक्षा केळं द्या ना त्याला!"

मावशी कप विसळता विसळता म्हणाल्या, "ताई, एका केळ्यानं त्याचं काय होतंय? दोन लागतात. आठवड्याची आणून ठेवली तर काळी पडतात. रोज आणायला मी घरी असते कधी?"

मावशी काळेवाडीहून हिंजवडीला येतात. पहाटे साडेपाचला घर सोडतात. पोरगा शाळेला निघतो तेव्हा घरात कुणी नसतं. चहा करून ठेवलेला असतो, शेजारी पुडा.

मी डेस्कवर येऊन गणित मांडलं. एक्सेलमध्ये, अर्थातच. पाचचा पुडा पन्नासेक ग्रॅमचा, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. केळं साधारण पाचलाच, कॅलरी शंभर. अंडं सातला, कॅलरी सत्तर. प्रोटीनमध्ये अंडं जिंकतं, मान्य. पण खिशात पाच रुपये असतील आणि मधल्या सुट्टीपर्यंत रेटायचं असेल, तर माझ्याही शीटमध्ये पुडाच वर येतो. चिडले मी जरा.

शिवाय पुडा पाचलाच राहतो. मैदा-तेल महागलं की कंपन्या आतलं वजन कमी करतात, किंमत तीच. टोमॅटो कधी असा शहाण्यासारखा वागलाय? जुलै २०२३ मध्ये तो किलोला शंभरच्या वर गेला होता, आठवतंय? मावशींना महिन्याचा हिशेब पुड्याचाच बसवता येतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. फरसाण, इन्स्टंट नूडल्सही पाचवर. ताज्या भाजी-फळांवर तो आधीच शून्य. शून्याच्या खाली काय कापणार? रेशनवर माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून फुकट मिळतं, पण गहू-तांदूळच. डाळ, भाजी, दूध ज्याचं त्यानं बघायचं.

मला वाटायचं, जाड होण्याचा प्रॉब्लेम आपला, एसीत बसणाऱ्यांचा. आणि कुपोषण म्हणजे मेळघाट. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी भरली, आणि त्याच राज्यात जवळपास दर चौथ्या बाईचं वजन जास्त. एकाच घरात हे सगळं असू शकतं. मावशींना शुगर आहे. पोरगा वर्गात सगळ्यांत बुटका. आणि मी त्यांना मैद्यावर लेक्चर देत होते, हातात १२० ची नाचणी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणायला गेले, तर त्यांना कशाबद्दल तेच कळेना. मग विषय काढायचा म्हणून विचारलं, शाळेत काय मिळतं हो त्याला? नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं होतं, अंडं न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले, लोकवर्गणीतून द्या म्हणाले.

"खिचडी मिळते," मावशी म्हणाल्या. "मध्ये केळं पण यायचं. आल्या आल्या सांगायचा मला, आज केळं होतं म्हणून."

मग त्यांनी चहा ओतला. बशीत दोन बिस्किटं ठेवली. मी लेबल विचारलं नाही.