पंचवीसाची अट आणि दहा संगणकांची शाळा

संगणक विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, हा समज आता सोडलेला बरा. सामूहिक परवान्यावरील ‘विंडोज’ प्रणाली संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून सक्रिय करून घेता येते; परंतु ती मान्यता 180 दिवसांपुरतीच असते, आणि किमान 25 संगणकांची नोंद झाल्याखेरीज तो सर्व्हर एकालाही मान्यता देत नाही. भंडाऱ्यातील मोठ्या कार्यालयास ही अट जाचक नाही. पण लाखांदूर वा पवनी तालुक्यातील एखाद्या शाळेत दहाच संगणक असतील, तर तिने काय करावे? तिच्यासाठी ठरावीक यंत्रांना एकदाच लागू होणारी वेगळी किल्ली आहे. खरेदीच्या वेळी ती मागावी, एवढेही बहुधा कोणी सांगत नाही! मग कोणीतरी चोरीचा ‘ॲक्टिव्हेटर’ आणून बसवतो; त्याच्या पोटात काय दडले आहे हे न पाहता त्याच यंत्रावर विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तयार होतात. दोष केवळ शिक्षकाचा कसा मानावा? ‘विंडोज 10’चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्याने जुनी यंत्रे बदलणे भाग आहे. सातही तालुक्यांतील शाळांची मागणी जिल्हा परिषदेने एकत्र नोंदवावी आणि प्रत्येक शाळेची किल्ली मुख्याध्यापकाच्या दप्तरी लेखी द्यावी.