खेळाचें टेबल आणि खेळाची जागा

मुलांनीं कोणते खेळ खेळावे याविषयीं वडील मंडळींचीं मतें ठाम असतात. परंतु ते खेळ त्यांनीं कोठें खेळावे, याचा विचार करणारे थोडेच आढळतात. कबड्डीस आंगण पुरतें, क्रिकेटला ओसाड माळ चालतो, विटीदांडूस तर गल्लीहि पुरे. पण ज्या खेळास टेबल, काठी, छप्पर आणि दिवा लागतो, तो खेळ माळावर येऊं शकत नाहीं. ज्याच्यापाशीं खोली असेल त्याच्या दारीं त्याला जावें लागतें. पूल नांवाच्या खेळाची स्थिति लहान गांवांत आज अशी झाली आहे. शहरांत जिमखाने आहेत, क्लब आहेत. सोलापूर-पुणें महामार्गावरील आमच्या टेंभुर्णीसारख्या गांवीं मात्र खेळूं इच्छिणाऱ्यानें एखादा भाड्याचा गाळा शोधावा, नाहीं तर मोठ्या गांवाची वाट धरावी.

वरच्या वर्गांतील विद्यार्थी विचारतात, "सर, हा खेळ खेळलों तर काय बिघडलें?" त्यांचे पालक विचारतात, "सर, हीं पोरें त्या गाळ्यांत जाऊन बसतात, तुम्ही त्यांना कांहीं बोलत कां नाहीं?" मला हे दोन्ही प्रश्न रास्त वाटतात, आणि दोहोंचें उत्तर एकच आहे असेंहि वाटतें. दोष खेळाचा नाहीं, जागेचा आहे. आणि चांगली जागा करून देणें हें मुलांचें काम नसून आपलें, म्हणजे वडीलधाऱ्यांचें आहे.

प्रथम खेळाचा विचार करूं. हिरव्या लोंकरी कापडानें मढविलेलें टेबल, त्याला सहा खिसे, पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा. पांढऱ्यास काठीनें मारावें आणि त्याच्या धक्क्यानें इतरांस खिशांत घालावें, एवढाच खेळ. पण कडेच्या रबरावर आदळलेला चेंडू साधारणपणें ज्या कोनानें येतो त्याच कोनानें परततो, हा पाठ वर्गांत फळ्यावर काढून ज्यांस समजत नाहीं, त्यांस तो येथें दोन दिवसांत समजतो. हात स्थिर, श्वास संथ आणि नजर पुढच्या चालीवर ठेवल्यावांचून येथें यश नाहीं. उतावळ्याचा हा खेळ नव्हे.

"हा साहेबांचा खेळ, आपला नव्हे," असेंहि कोणी म्हणतात. पण पुलाचा थोरला भाऊ जो स्नूकर, तो जन्मला आपल्याच देशांत. सन १८७५ मध्यें जबलपूर येथील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्यें नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें तो बसविला, आणि पुढें १८८२ च्या सुमारास त्याचे नियम उटीच्या क्लबांत लिहून लावले गेले. ह्याच जातीच्या बिलियर्ड्स या खेळांत पुण्यास १९२२ सालीं जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्यें कलकत्ता येथें जगांतील हौशी खेळाडूंत अजिंक्य ठरले, आणि १९६४ मध्यें न्यूझीलंडांत पुन्हां ठरले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनीं तोच मान १९७७, १९८१ व १९८३ असा तीन वेळां मिळविला. ज्या महाराष्ट्रानें असे पुरुष दिले, त्यानें ह्या खेळास परका म्हणूं नये.

मग ह्या खेळाचें नांव बदनाम कां झालें? एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या ज्या खोल्या असत, त्यांत सर्वांच्या पैजेचे पैसे एकत्र होत. त्या एकत्र रकमेस पूल म्हणत. दोन शर्यतींमधला वेळ गिऱ्हाइकांनीं तेथेंच घालवावा म्हणून मालकांनीं त्या खोल्यांत बिलियर्ड्सचीं टेबलें मांडलीं. लोक शर्यतीवर पैसे हरले आणि बोल टेबलास लागला. खोलीचें पाप खेळाच्या माथीं बसलें, तें अद्यापि उतरलें नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. स्नूकरचें पूर्ण टेबल बारा फूट लांब व सहा फूट रुंद असतें. कापडाखालीं दगडाच्या जड फरशा असतात. सभोंवार काठी फिरविण्यास वाव हवा, म्हणून खोली निदान बावीस फूट लांब व सोळा फूट रुंद पाहिजे. बाजारांतील गाळ्यांत एवढी ऐसपैस जागा कोठून येणार? म्हणून लहान गांवीं सात-आठ फुटांचें पुलाचें टेबल येतें. तें घेण्यास भांडवल लागतें, गाळ्यास भाडें लागतें. तें वसूल होण्यासाठीं खोली रात्रीं उशिरापर्यंत उघडी ठेवावी लागते, आणि जो पैसे देईल त्यास आंत घ्यावें लागतें. मालक दुष्टच असतो असें नाहीं. पण जेथें केवळ भाड्यावर दिवा जळतो, तेथें तंबाखू, गुटखा आणि शिवीगाळ यांस दारावर अडविणारा कोणी उरत नाहीं.

ह्याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. अशा पुष्कळ ठिकाणीं, जो हरेल त्यानें टेबलाचें भाडें द्यावें अशी वहिवाट असते. मुलांस ती न्यायाची वाटते. पण विचार करा, ही पैजच नव्हे काय? आज भाड्याची पैज, उद्यां चहाची, परवां नोटेची. सन १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानें निव्वळ कौशल्याच्या खेळास जुगारांतून वगळलें आहे. म्हणजे कायदाहि खेळास निर्दोष मानतो. त्या निर्दोष खेळास आपण आपल्या हातानें पैजेची शेपटी कां लावावी? दोघांनीं भाडें अर्धें अर्धें द्यावें, एवढा एक नियम आमच्या विद्यार्थ्यांनीं पाळला तरी अर्धी कीड मरेल.

पालक म्हणतील, "सर, नियम कसले सांगतां? मुलांस बंदीच करा." अभ्यासाच्या वेळीं आणि दहावीच्या वर्षीं रोज तासन्‌तास खेळण्यास बंदी असावी, हें मलाहि मान्य आहे. बापाच्या घामाचा पैसा टेबलावर उधळूं नये, हेंहि खरें. परंतु निव्वळ बंदीनें मुलगा खोलींतून बाहेर येत नाहीं. तो फक्त मागच्या दारानें जाऊं लागतो आणि घरीं खोटें बोलावयास शिकतो. खेळापेक्षां तें खोटें अधिक महाग पडतें.

ह्या बाबतींत आपल्या ख्रिस्ती इतिहासांत एक बोधप्रद उदाहरण आहे. लंडनमधील कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणानें १८४४ सालीं आपल्या सोबत्यांसह वाय. एम. सी. ए. ही संस्था काढली. खेड्यांतून शहरांत आलेल्या कामकरी तरुणांस संध्याकाळीं गुत्त्याखेरीज जावयास स्थान नव्हतें. त्यांस नुसतें "गुत्त्यांत जाऊं नका" असें सांगून ती मंडळी थांबली नाहींत. त्यांनीं बसावयास दुसरी खोली दिली. पुढें ह्याच संस्थेच्या अमेरिकेंतील शिक्षकांनीं १८९१ मध्यें बास्केटबॉल व १८९५ मध्यें व्हॉलीबॉल हे खेळ निर्माण केले. आज आपल्या शाळेच्या पटांगणावर ते खेळ चालतात, ते अशा एका चांगल्या खोलींतून आले आहेत.

टेंभुर्णीसहि असे तरुण आहेत. औद्योगिक वसाहतींत काम करणारे आहेत, ऊंसाच्या शेतांतून परतणारे आहेत, एस. टी. ची वाट पाहणारे विद्यार्थी आहेत. ग्रामपंचायत, वाचनालय आणि शाळांचे माजी विद्यार्थी यांनीं मिळून एका प्रशस्त खोलींत एक टेबल मांडलें तर? दर्शनी भागास कांच असावी, म्हणजे रस्त्यावरून आंतलें सर्व दिसेल. शाळेच्या वेळांत कुलूप असावें. भाडें सारखें वांटून द्यावें. आणि मुख्य कसोटी ही, कीं भावानें आपल्या बहिणीस तेथें निःशंकपणें खेळावयास नेतां यावें. जेथें बहिणीस नेण्याची लाज वाटते, तेथें भावानेंहि जाऊं नये.

हें होईपर्यंत आपला कॅरम आहेच. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या, एक राणी आणि एक स्ट्रायकर, एवढ्यांत तेच कोन, तोच संयम आणि तोच आनंद साठविला आहे. शाळेच्या ओसरीवर मधल्या सुटींत दोन फळ्या मांडावयास फारसा खर्च नाहीं. ज्याचा हात कॅरमवर बसला, त्याला उद्यां मोठें टेबल जड जाणार नाहीं.

जखऱ्या संदेष्ट्यानें देवानें पुन्हां वसविलेल्या यरुशलेमेचें जें चित्र रेखाटलें आहे, त्यांत हातीं काठी घेऊन बसलेले म्हातारे आहेत, आणि त्यांच्या देखत चौकांत खेळणारीं मुलें व मुली आहेत. धन्य नगराची खूण म्हणून त्यानें वृद्धांची दृष्टि आणि मुलांचा खेळ हीं दोन्ही एकाच चौकांत ठेवलीं. आपल्या गांवींहि खेळ बंद व्हावा असें नाहीं; तो आडोशाच्या गाळ्यांतून उठून वडिलांच्या दृष्टीसमोर यावा. त्यासाठीं वडिलांनीं आधीं तेथें येऊन बसलें पाहिजे.