चित्रकर्त्रीची कमाई

एलिझाबेथ विझे-लब्रँ ह्या फ्रेंच चित्रकर्त्रीचीं व्यक्तिचित्रें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पुस्तकांतून पाहिलीं असतील. त्यांच्या रंगसौंदर्याविषयीं आजवर बरेंच लिहिलें गेलें आहे. परंतु त्या चित्रांचें मोल कोणाच्या पदरांत पडलें, ह्याचा विचार क्वचितच होतो. ह्या अंकीं आम्हीं तोच करण्याचें योजिलें आहे.

बाईंचा जन्म १७५५ सालीं पॅरिस येथें झाला. वडील लुई विझे हे रंगीत खडूंनीं व्यक्तिचित्रें काढीत. मुलगी बारा वर्षांची असतांना ते निवर्तले, व आईनें एका जवाहिऱ्याशीं दुसरा विवाह केला. विशीच्या आंतच मुलगी चित्रें काढून द्रव्य मिळवूं लागली. तें सावत्र पिता घेई. हा जाच चुकावा म्हणूनच बाईंनीं १७७६ सालीं लब्रँ नांवाच्या चित्रविक्रेत्याशीं विवाह केला. जुन्या थोर चित्रकारांच्या कृति त्यांस अभ्यासावयास मिळाल्या त्या ह्याच्या संग्रहांत, हें त्याचें ऋण मान्य केलें पाहिजे. परंतु हा गृहस्थ जुगारी होता, आणि पत्नीच्या चित्रांचे पैसे तो स्वतःच घेऊन खर्चून टाकी.

बाईंची कीर्ति मात्र वाढत होती. १७७८ सालीं त्यांनीं राणी मारी आंत्वानेत हिचें चित्र प्रथम काढलें. १७८३ सालीं त्यांस राजाश्रित चित्रकला-परिषदेचें सभासदत्व मिळालें. त्याच वर्षीं पांढऱ्या मलमलीच्या साध्या पोषाखांतील राणीचें चित्र त्यांनीं प्रदर्शनांत मांडलें, तेव्हां असा वेष राणीस शोभत नाहीं म्हणून एवढा गहजब झाला कीं, तें काढून घ्यावें लागलें. १७८७ च्या चित्रांत राणी तीन मुलांसह दिसते आणि शेजारचा पाळणा रिकामा आहे. धाकटी राजकन्या त्याच वर्षीं वारली होती. १७८८ सालीं म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे वकील पॅरिसला गेले असतां त्यांपैकीं महंमद दरवेशखान ह्याचें भव्य चित्र बाईंनीं काढलें. २०१९ सालीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत त्यास ७० लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

१७८९ सालीं राज्यक्रांति झाली. राणीची चित्रकर्ती म्हणून बाईंवर लोकांचा रोष होता. ऑक्टोबरांतील एका रात्रीं नऊ वर्षांच्या कन्येस घेऊन, साध्या वेषांत त्यांनीं पॅरिस सोडलें. दहा लाखांहून अधिक फ्रँक मिळवूनही त्या वेळीं आपणांस वीस फ्रँकांचें उत्पन्न नव्हतें, असें त्यांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. पुढें इटली, व्हिएन्ना व रशिया येथें बारा वर्षें त्यांनीं कुंचल्यावर निर्वाह केला, आणि तेथील कमाई बहुतांशीं त्यांच्याच हातीं राहिली. १७९४ सालीं पतीनें घटस्फोट घेतला. रशियांत कन्येनें आईच्या मनाविरुद्ध विवाह ठरविला, तेव्हां बाईंनीं नाराजीनें कां होईना, हुंडा दिला तो स्वतःच्या पैशांतून. १८०२ सालीं त्या मायदेशीं परतल्या व १८४२ सालीं वारल्या.

विवाहित स्त्रीच्या मिळकतीवर तिचा हक्क मानणारा कायदा फ्रान्सांत १९०७ सालीं झाला. आपल्याकडे स्त्रीनें कलाकौशल्यानें मिळविलेल्या धनावर कात्यायनानें पतीचेंच स्वामित्व सांगितलें होतें. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें त्यावर स्त्रीची पूर्ण मालकी ठरविली. परंतु कायदा घराच्या उंबरठ्याशीं थांबतो. एकत्र कुटुंबांत सर्वांची मिळकत एके ठिकाणीं यावी, ह्यांत आम्हांस गैर कांहींच दिसत नाहीं. मात्र सुनेनें वा लेकीनें आणिलेली रक्कम घरच्या हिशेबाच्या वहींत तिच्या नांवानें जमा असावी, आणि ती खर्चतांना प्रथम तिला विचारावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.