सदारंगाचे आडनाव

गेले काही महिने आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच रड आहे. स्वतः गायलेला ख्याल स्वतःच्या चॅनेलवर चढवला की रात्र उलटायच्या आत सूचना येते: या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचे संगीत आढळले आहे. गळा आपला, तबलजी शेजारच्या आळीतला, बंदिश गुरुजींकडून मिळालेली आणि गुरुजींना त्यांच्या गुरूंकडून. दावा मात्र नावही न ऐकलेल्या कुठल्याशा वितरण कंपनीचा. व्हिडिओवर जाहिरातींचे चार पैसे येत असतील, तर तेही तिच्याच खात्यात.

यंत्राला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि दोष आहेही. यूट्यूबने २००७ मध्ये आणलेली कंटेंट आयडी ही व्यवस्था ध्वनी जुळवते, काही वेळा चालही जुळवते. यमन कुणाच्या बापाचा नाही हे तिला कळत नाही. सेबॅस्टियन टॉमझॅक या ऑस्ट्रेलियन संगीतकाराने दहा तासांची नुसती खरखर चढवली होती. २०१८ पर्यंत तिच्यावर पाच दावे लागले होते. त्याच वर्षी जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने फेसबुकवर बाख वाजवला, तर त्यातले ४७ सेकंद आपले असल्याचे एका बड्या कंपनीने कळवले. बाख १७५० मध्ये वारला. खरखरीला जिथे पाच मालक निघतात तिथे आपल्या तानपुऱ्याचे काय होणार? आपण सगळे त्याच दोन-चार अॅपचे तानपुरे लावतो. काळी एकचा तोच नमुना, तोच जवारीचा झंकार, आलापाआधी मिनिटभर नुसता तोच. तुमच्याआधी कुणीतरी तो अल्बममध्ये घालून नोंदवलेला असतो.

पण हे 'कुणीतरी' कोण, याचा शोध घेतला तर वाट आपल्याच दारात येते.

वितरकाकडे अल्बम पाठवताना भरायचा अर्ज ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळे सांगायला नको. रागाला रकाना नाही, तालाला नाही, घराण्याचा तर प्रश्नच नाही. साथीदारांना 'इतर' या सदरात कोंबायचे. गीतकार आणि संगीतकार मात्र सक्तीचे, आणि अनेक ठिकाणी नाव वेगळे, आडनाव वेगळे. आता सदारंगाचे आडनाव काय लिहावे? न्यामत हे नाव आणि खाँ हे आडनाव? आणि ज्या चिजेत कुणाची मुद्राच नाही, तिचे काय करावे? काही अर्जांत 'पारंपरिक' असा पर्याय असतो, पण तो शोधण्याचा धीर कुणाला? आडनावाचा रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून आमचे बुवा तिथे बेधडक स्वतःचे नाव ठोकून देतात. आणखी खाली कंटेंट आयडीची चौकट असते. तीही न वाचता खूण करतात. बस. अडीचशे-तीनशे वर्षांची चीज एका संध्याकाळी बुवांच्या नावे चढली. पुढच्या महिन्यात सोलापूरकडच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या व्हिडिओवर त्याच नावाने दावा लागतो, आणि बुवांना त्याचा पत्ताही नसतो. काही महाभागांवर तर स्वतःच्याच वितरकाकडून स्वतःच्याच चॅनेलवर दावा लावून घेण्याची पाळी आली आहे. त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटत नाही.

कायदा इतका अवघड नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे गीत आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. 'स्वयंवर' १९१६ चे. चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, पदे लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये. म्हणजे १ जानेवारी २००९ पासून ती पदे सर्वांची. 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, तेव्हा त्याही २०१६ पासून मोकळ्या. ही पदे तुम्ही तुमच्या गळ्याने गायलात तर त्यावर कुणाचाही दावा टिकत नाही. 'कट्यार काळजात घुसली'चे मात्र तसे नाही. चाली देणारे अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, त्या चालींचा हक्क २०५८ अखेरपर्यंत जिवंत आहे. कुमारजींच्या बंदिशी २०५२ पर्यंत, रामरंगांच्या २०६९ पर्यंत. त्या 'पारंपरिक' म्हणून खपवणारेही आमचेच वर्गणीदार आहेत, आणि दावा आला की सर्वांत मोठ्याने ओरडणारेही तेच.

बाकीचे ओरडतही नाहीत. 'चॅनेल बंद पडेल' या धास्तीने व्हिडिओच काढून टाकतात. अहो, असा दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे! नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जाते. नुसत्या दाव्याने जात नाही. हरकत नोंदवा. दावा आल्यापासून पाच दिवसांत नोंदवली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात आणि त्याने तोंड उघडले नाही तर दावा गळून पडतो. त्याने तो कायम ठेवला तर पुढे अपील आहे. तिथे त्याला सातच दिवस मिळतात, आणि दावा सोडायचा की व्हिडिओ उतरवण्याची रीतसर नोटीस द्यायची हे ठरवावे लागते. अशी नोटीस आली तर स्ट्राइक लागतो, म्हणून त्या पायरीआधी आपले कागद नीट असावेत. हरकतीत 'मी वीस वर्षे गातोय' असली आत्मकथा नको. गायन स्वतःचे, साथीदार अमुक, बंदिश क्रमिक पुस्तकाच्या तमुक भागात तमुक पानावर, भातखंडे १९३६ मध्ये दिवंगत. चार ओळी पुरतात.

पुढच्या अंकात आम्ही जुन्या नाट्यपदांच्या कवी-संगीतकारांची यादी मृत्युवर्षांसह छापत आहोत. हरकत लिहिताना ती जवळ ठेवा. ज्यांच्यावर दावे आले आहेत त्यांनी दाव्याची प्रत, राग, मुखडा, तानपुरा अॅपचा होता की हाताचा, आणि हरकतीचे पुढे काय झाले हे या महिनाअखेर आमच्याकडे पाठवावे. नाव छापणार नाही. एकेकट्याच्या तक्रारीला कुठलाही वितरक दाद देत नाही. शंभर दावे एकत्र मांडले तर निदान अर्जात एक रकाना वाढवून मागता येईल.

आणि ज्यांचा अल्बम याच महिन्यात निघायचा आहे, त्यांनी ती कंटेंट आयडीची खूण आधी काढावी. जे ध्वनी केवळ आपल्याच मालकीचे तेच तिथे नोंदवायचे असतात, आणि अॅपचा तानपुरा तुमच्या मालकीचा नाही.