खड्डा त्यांचा, वहीही त्यांचीच?

कंपनी म्हणते, खाण संपली की खड्डा बुजवू, झाडं लावू, नाला साफ करू. खर्च किती, तेही आमचीच माणसं तपासतील. मंडळी, चोरानेच पंचनामा लिहायचा आणि आपण खाली अंगठा द्यायचा, असा हा कारभार!

घरच्या तपासणीची किंमत भोपाळला विचारा. मे १९८२ मध्ये युनियन कार्बाईडने अमेरिकेहून आपलेच तज्ज्ञ पाठवले. त्यांनी ६१ धोके लिहून काढले, त्यातले ३० मोठे. कागद कंपनीकडे राहिला, शेजारच्या वस्तीला कोणी सांगितलं नाही. डिसेंबर १९८४ मध्ये वायू सुटला, हजारो माणसं मेली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी कंपनीने कारखान्यातली माती-पाणी तपासलं, तर त्यात सोडलेले मासे मेले. तेही दाबलं. १९९८ साली भाडेपट्ट्याची जमीन विषासकट सरकारला परत केली. गोदामातला ३३७ टन कचरा हलवायला २०२५ उजाडलं, आणि तो नेला पिथमपूरच्या लोकांच्या दारात!

म्हणजे तपासणारे अडाणी नव्हते. त्यांना दिसलं होतं. पण साफसफाईचा खर्च वहीत धरला की नफा घटतो. न धरलेला खर्च कुठे जात नाही, तो गावाच्या विहिरीत उतरतो.

आता आपल्या रानाकडे या. लोखंड, बॉक्साईटची खाण बंद करण्याचा आराखडा कंपनीच बनवते, मंजुरी खाण ब्यूरो देतो. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे हमी किती? 'अ' वर्गाच्या खाणीला हेक्टरी ५ लाख, 'ब' वर्गाला ३ लाख, तीही वापरलेल्या जमिनीपुरती. खाली वाहत गेलेल्या लाल गाळाचं काय? पाच लाखात झरा विकत मिळतो का?

साहेब म्हणतील, हिशेब शिकलेल्यांचं काम. मग सांगा, नाला कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा, मासे कधी संपले, हे कोणाला ठाऊक? पाणी भरणाऱ्या बाईला की नागपूरच्या फाईलला?

वनहक्क कायदा २००६, कलम ५ : पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा. म्हणून ठराव करा :

१. तपासणीचा प्रत्येक कागद मराठीत आणि आपल्या बोलीत ग्रामसभेत वाचा.
२. तपासणारा गावाने निवडलेला, पैसा कंपनीचा.
३. ग्रामसभेने 'जमीन नीट झाली' म्हटल्याशिवाय हमीचा एक रुपया परत नाही.

पाणी आपलं, तर वहीही आपल्यासमोर उघडा!

जोहार!