नीवाराचे ऋण

तळ्याच्या काठी आपोआप उगवणाऱ्या रानभाताला आपल्याकडे देवभात म्हणतात. संस्कृतात त्याला नीवार हे नाव आहे. कालिदासाच्या शाकुंतलात तपोवनाच्या वर्णनात त्याचा उल्लेख येतो. १९६५ साली शर्मा व शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी या जातीस शास्त्रीय नाव देताना हाच शब्द योजिला : ओरायझा निवारा.

रानभाताचे दाणे पिकताच गळून पडतात. वनस्पतीच्या दृष्टीने ही सोय, परंतु माणसाच्या दृष्टीने हानी. म्हणून प्राचीन लोकांनी ज्या लोंबीवर दाणे टिकून राहिले तीच कापली आणि तिचेच बी पुन्हा पेरले. हजारो वर्षांच्या या निवडीतून चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात आणि पुढे गंगेच्या मैदानात लागवडीचा भात सिद्ध झाला. मात्र प्रत्येक निवडीबरोबर काही गुण मागे राहिले. पीक जसजसे सोयीचे झाले, तसतसा त्याचा आनुवंशिक वारसा आकुंचित होत गेला.

याची किंमत १९७० नंतरच्या दशकात दिसून आली. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणुरोगाने आशियातील भातशेती खुरटून टाकली. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा नमुना एकच निघाला. तो होता उत्तर प्रदेशातील गोंडा भागातील नीवाराचा ! त्याचा गुण घेऊन तयार झालेला 'आय. आर. ३६' हा वाण १९७६ मध्ये प्रसृत झाला आणि कोट्यवधी लोकांच्या अन्नाला आधार मिळाला.

आज नवी दिल्लीत पुसा येथील राष्ट्रीय जनुकपेढीत भाताचे एक लाखाहून अधिक नमुने शून्याखाली सुमारे १८ अंश तापमानात जतन केलेले आहेत. हे कार्य मोलाचे आहे. मग रानभाताची तळी बुजली किंवा मुळशी-मावळातला जुना आंबेमोहोर मागे पडला, तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, पेढीतील बी सुरक्षित असते, पण ते थांबलेले असते. शेतात आणि तळ्याकाठी मात्र नवा रोग, नवा दुष्काळ, नवे क्षार यांच्याशी त्याची झुंज चालूच राहते आणि त्या झुंजीतूनच उद्याचा गुण निपजतो. पेढी हा ठेवा आहे. शेत ही पाठशाळा आहे. दोन्ही हवीत.

जुने वाण राखणाऱ्या शेतकऱ्याला उत्पन्न कमी मिळते आणि त्याचा लाभ मात्र साऱ्या जगाला होतो. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने त्याचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क त्याच्या पदरात पडेल, हे पाहणे समाजाचे कर्तव्य होय. तण म्हणून उपटण्यापूर्वी देवभाताकडे एकदा कृतज्ञतेने पाहावे. आपल्या ताटातील घासावर त्याचे ऋण आहे.