विश्लेषण : स्वराज्य स्वतःचे, पासपोर्ट न्यूझीलंडचा; कुक बेटांचा पेच काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅसिफिक महासागरातील कुक बेटांच्या राजधानीत, आवारुआत, काही शे लोक संसदेसमोर जमले. त्यातल्या काहींनी फलकांबरोबर पासपोर्टही उंचावले होते. पासपोर्ट न्यूझीलंडचे आणि निदर्शने स्वतःच्याच पंतप्रधानांविरुद्ध. पंतप्रधान मार्क ब्राउन यांनी नुकताच चीनशी ‘सर्वंकष धोरणात्मक भागीदारी’चा करार केला होता. आधी न्यूझीलंडला त्याचा मसुदा दाखवला नव्हता, आणि स्वतःच्या संसदेलाही नाही. त्यानंतर न्यूझीलंडने मदतीचा हात आखडता घेतला आणि जेमतेम १५ हजार लोकवस्तीच्या या देशाचे नाव जगभरच्या बातम्यांत झळकू लागले. बहुतेक बातम्यांनी याला ‘चीन विरुद्ध पाश्चात्त्य देश’ असा रंग दिला. मूळ प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. स्वतःचे संविधान, संसद, पंतप्रधान आणि झेंडा असलेला, पण स्वतःचे नागरिकत्व नसलेला देश नेमका किती स्वतंत्र?

देश केवढा?

एकूण १५ बेटे. सगळी जमीन एकत्र केली तरी सुमारे २४० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. पण या बेटांभोवतीचे हक्काचे सागरी क्षेत्र जवळपास २० लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सहा पटींहून अधिक. या समुद्राच्या तळाशी कोबाल्ट, निकेल, मँगनीज असलेले खनिजांचे गोटे पसरले आहेत. बॅटरीच्या जमान्यात इतक्या छोट्या देशाच्या दारात मोठे देश का येतात, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

‘मुक्त सहयोग’ म्हणजे काय?

ही बेटे १८८८ मध्ये ब्रिटिश संरक्षणाखाली आली आणि १९०१ मध्ये न्यूझीलंडला जोडली गेली. वसाहती संपवण्याचा रेटा वाढला तेव्हा, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी ठराव क्रमांक १५४१ संमत केला. वसाहतीला स्वराज्य मिळण्याचे तीन मार्ग त्यात सांगितले होते : पूर्ण स्वातंत्र्य, दुसऱ्या देशात विलीनीकरण किंवा दुसऱ्या स्वतंत्र देशाशी ‘मुक्त सहयोग’. कुक बेटांनी तिसरा मार्ग निवडला. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली एप्रिल १९६५ मध्ये निवडणूक झाली आणि ४ ऑगस्ट १९६५ रोजी संविधान लागू झाले. शेजारच्या निउए बेटाने १९७४ मध्ये हीच वाट धरली.

या व्यवस्थेत अंतर्गत कारभार पूर्णपणे कुक बेटांच्या हाती असतो. न्यूझीलंडच्या संसदेला इथे कायदा करता येत नाही. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण यांची जबाबदारी कागदोपत्री न्यूझीलंडवर आहे, पण ती कुक बेटांशी विचारविनिमय करून पार पाडायची. नागरिकत्व न्यूझीलंडचेच राहिले. इथे जन्मलेला माणूस ऑकलंडला जाऊन राहू शकतो, नोकरी करू शकतो, तिथल्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊ शकतो, व्हिसा लागत नाही. चलनही न्यूझीलंडचा डॉलर. (त्याच्या जोडीला कुक बेटांची स्वतःची नाणीही चालतात. त्यातले दोन डॉलरचे नाणे चक्क त्रिकोणी आहे आणि पर्यटक ते आठवण म्हणून खिशात घालून नेतात.)

राज्य कसे चालते?

राष्ट्रप्रमुख राजे चार्ल्स. त्यांच्या वतीने ‘राजप्रतिनिधी’ काम पाहतो आणि हे पद न्यूझीलंडच्या गव्हर्नर जनरलपेक्षा वेगळे आहे. संसदेचे एकच सभागृह, २४ सदस्य, मुदत चार वर्षे, आणि ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो. सरकारच्या प्रमुखाला १९८१ पर्यंत ‘प्रीमियर’ म्हणत, आता पंतप्रधान म्हणतात. शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते.

खरी गंमत मतदारसंघांत आहे. देशातील दहापैकी सात लोक एकट्या रारोटोंगा बेटावर राहतात, पण तिथून २४ पैकी १० सदस्यच येतात. उरलेले १४ बाहेरच्या बेटांतून. उत्तरेकडच्या राकाहांगा बेटावर शंभरही माणसे नाहीत, तरी त्यांचा स्वतंत्र खासदार आहे, तर रारोटोंगात एका खासदारामागे हजारभर लोक. ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ या तत्त्वाला हे धरून नाही, यात शंका नाही. पण राकाहांगा राजधानीपासून हजारभर किलोमीटर दूर आहे आणि तिथे जहाज कधी येईल याचा नेम नसतो. संसदेतली ती एक खुर्ची गेली तर त्या बेटाची दखल कोण घेणार, हा युक्तिवादही सहज उडवून लावता येत नाही. दुसरीकडे, इतक्या छोट्या सभागृहात दोन-तीन खासदारांनी बाजू बदलली की सरकार डळमळते, हेही इथल्या राजकारणात अनेकदा दिसले आहे.

संसदेच्या जोडीला ‘हाऊस ऑफ आरिकी’ आहे. आरिकी म्हणजे परंपरेने आलेले वंशप्रमुख, त्यात स्त्रियाही मोठ्या संख्येने. या सभागृहाला कायदा करण्याचा अधिकार नाही, ते जमीन आणि रूढी यांबाबत सल्ला देते. सल्ला देण्यापुरते असले तरी विषय किरकोळ नाही. कुक बेटांत जमीन कायमची विकता येत नाही, जास्तीत जास्त ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देता येते. किनाऱ्यावरची हॉटेले परक्या भांडवलावर उभी राहिली तरी खालची जमीन कुटुंबांकडेच राहते. नागरिकत्व दुसऱ्या देशाचे असले तरी या लोकांनी जमीन हातची जाऊ दिलेली नाही.

मतदार विमानाने आणले तेव्हा...

कुक बेटांचे पहिले प्रीमियर अल्बर्ट हेन्री. १९६५ मध्ये वास्तव्याची अट पूर्ण होत नसल्याने त्यांना निवडणूक लढवता येत नव्हती. त्यांच्या जागी बहीण मार्गरिट स्टोरी उभ्या राहिल्या, जिंकल्या, अट शिथिल झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीत भाऊ निवडून आला. बहीण पुढे त्याच संसदेच्या सभापती झाल्या. छोट्या देशात घर आणि सरकार यांच्यातली भिंत किती पातळ असते, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा १९७८ चा. १९७४ मध्ये रारोटोंगाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांचा ओघ वाढला. मतदार यादीत नाव असलेले शेकडो लोक तिकडे होते. हेन्री यांच्या पक्षाने विमाने ठरवून त्यांना मतदानापुरते घरी आणले. कोकणातल्या ग्रामपंचायत निवडणुकीला चाकरमान्यांच्या गाड्या भरून येतात, तसाच प्रकार, फक्त मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटरचा समुद्र. हेन्री जिंकले. विरोधी पक्षाचेही मतदार विमानाने आले होते, पण त्यांनी तिकिटाचे पैसे स्वतः भरले होते. हेन्री यांच्या विमानांचा खर्च मात्र फिरवाफिरव करून टपाल तिकिटांच्या सरकारी उत्पन्नातून भागवला गेला होता. रंगीत टपाल तिकिटे छापून ती जगभरच्या संग्राहकांना विकणे हा या देशाचा तेव्हाचा मोठा धंदा होता.

जुलै १९७८ मध्ये मुख्य न्यायाधीश गेव्हन डॉन यांनी ही मते बाद ठरवली. निकाल उलटला, सरकार गेले आणि विरोधी पक्षाचे डॉ. टॉम डेव्हिस प्रीमियर झाले. हेन्री यांना न्यायालयाने दोषी ठरवले, १९८० मध्ये त्यांचा ‘सर’ हा किताबही काढून घेतला गेला. टपाल तिकिटांचा व्यापार सांभाळणाऱ्या अमेरिकी कंपनीवर तिच्या देशात परदेशी लाचखोरीविरोधी कायद्याखाली खटला चालला. तो कायदा तेव्हा नवाच होता आणि त्याखालच्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक.

न्यायालयाच्या निकालाने सरकार बदलले आणि सत्ताधाऱ्यांनी ते निमूट मान्य केले. तेरा वर्षांच्या कोवळ्या लोकशाहीसाठी ही साधी गोष्ट नव्हती. पण परदेशी राहणाऱ्यांना मत असावे का, हा प्रश्न तसाच राहिला. पुढे त्यांच्यासाठी संसदेत एक स्वतंत्र जागा ठेवून पाहिली, तीही २००३ मध्ये रद्द झाली. आज न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेनुसार तिथे कुक बेटांच्या वंशाचे ८० हजारांहून अधिक लोक आहेत, मायदेशातल्या लोकसंख्येच्या पाच पट. तरुण पिढी तिकडे आणि बेटांवरच्या हॉटेलांत काम करायला माणसे फिलिपिन्स, फिजीतून आणावी लागतात. ज्या पासपोर्टमुळे पोट भरायची सोय झाली, त्याच पासपोर्टने गावे रिकामी केली.

मग वाद कशाचा?

काळाच्या ओघात कुक बेटांनी परराष्ट्र व्यवहारही हाती घेतला. जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को यांचे सदस्यत्व मिळवले. चीनशी १९९७ मध्ये राजनैतिक संबंध जोडले. अमेरिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना सार्वभौम राष्ट्र म्हणून मान्यता दिली. पॅसिफिकमधल्या १४ देशांबरोबर भारताने जो मंच उभारला आहे, ज्याच्या परिषदा २०१४ मध्ये सुवा, २०१५ मध्ये जयपूर आणि २०२३ मध्ये पोर्ट मोर्सबीत झाल्या, त्यातही कुक बेटे आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मात्र नाही. ते हवे असेल तर नागरिकत्वाचा फेरविचार करावा लागेल, ही न्यूझीलंडची भूमिका सरकारे बदलली तरी बदललेली नाही.

२००१ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी, न्यूझीलंडच्या हेलन क्लार्क आणि कुक बेटांचे तेरेपाई माओआते यांनी, संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. कुक बेटे परराष्ट्र संबंधांत सार्वभौम देशाप्रमाणे वागतील हे त्यात मान्य केले गेले. त्याच वेळी संरक्षण आणि सुरक्षेच्या विषयांवर एकमेकांशी सल्लामसलत करण्याचेही ठरले. आजचे भांडण या ‘सल्लामसलत’ शब्दावरून आहे. ब्राउन म्हणतात, करार खनिजे, व्यापार, पायाभूत सुविधांचा आहे, सुरक्षेचा त्यात मुद्दाच नाही, मग विचारायचे कशाला? वेलिंग्टनचे म्हणणे असे, की सुरक्षेशी संबंध आहे की नाही हे कागद पाहिल्याशिवाय कसे कळणार?

जाहीरनाम्यात याचे नेमके उत्तर नाही. पण सल्ला घेणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे, आणि न्यूझीलंडने जून २०२५ मध्ये १ कोटी ८२ लाख न्यूझीलंड डॉलरची मदत थांबवल्याचे उघड झाले, तेव्हा ही सीमारेषा पुसट झाली. त्याच आठवड्यात न्यूझीलंडचे पंतप्रधान ख्रिस्तोफर लक्सन स्वतः चीनच्या दौऱ्यावर, व्यापाराच्या वाटाघाटीत होते. हा विरोधाभास बेटांवरच्या लोकांच्या नजरेतून सुटला नसणार.

ब्राउन यांचीही बाजू निर्मळ नाही. करार लोकांसमोर आला तो सही झाल्यानंतर. त्याच्या काही महिने आधी त्यांनी वेगळ्या पासपोर्टची कल्पना मांडली होती. न्यूझीलंडचे परराष्ट्रमंत्री विन्स्टन पीटर्स यांनी सुनावले, की तसे हवे असेल तर पूर्ण स्वातंत्र्यासाठी लोकांचा कौल घ्या. बेटांवर अस्वस्थता पसरली आणि ब्राउन यांनी ती कल्पना गुंडाळली. फेब्रुवारीअखेर अविश्वास ठरावातून त्यांचे सरकार १३ विरुद्ध ९ मतांनी वाचले. स्वतःच्या संसदेला अंधारात ठेवून सार्वभौमत्वाची भाषा करायची, ही गोष्ट वेलिंग्टनला न विचारण्यापेक्षा गंभीर मानायला हवी.

पुढे काय?

४ ऑगस्ट २०२५ रोजी स्वराज्याची साठ वर्षे झाली. सोहळ्याला न्यूझीलंडकडून गव्हर्नर जनरल सिंडी किरो आल्या. पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री आले नाहीत.

ब्राउन यांच्या सरकारची मुदत २०२६ मध्ये संपते. नाते तोडायचेच ठरले तरी ते कोणा एका पंतप्रधानाच्या हाती नाही. संविधानाच्या ४१व्या कलमानुसार, न्यूझीलंडशी असलेल्या संबंधांच्या मूळ तरतुदी बदलायच्या तर संसदेत दोन-तृतीयांश बहुमताने दोनदा मंजुरी लागते. या दोन मतदानांमध्ये किमान ९० दिवसांचे अंतर हवे. त्यानंतर सार्वमत, आणि त्यातही दोन-तृतीयांश मते. त्या सार्वमतात ऑकलंडमध्ये स्थायिक झालेल्या बहुतेकांना मत नसेल. मत असेल ते रारोटोंगातल्या हॉटेलमालकाला आणि राकाहांगातल्या शंभरेक माणसांना. त्यांतल्या बहुतेकांची मुले, भावंडे किंवा नातवंडे त्याच पासपोर्टवर ऑकलंडला राहतात.